साहेबांचा राहून गेलेला डीब्रीफ

"मॅडम, त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून विसरलो नाहीये, माझ्यात काही बिघाड आहे का?" हा प्रश्न मला समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा विचारला गेलाय की आता समोरच्याने "मॅडम, त्यांना जाऊन..." एवढं म्हटलं की पुढचं मला कळतं. कधी विचारणारी बायको असते, कधी भाऊ, पण सगळ्यात जास्त अडखळत विचारतात ते सोबती. म्हणजे ज्यांचा साहेब, ज्यांचा कमांडर लढताना गेला आणि हे मागे राहिले. त्यांच्या प्रश्नाला अजून एक शेपूट असतं, ते लगेच बाहेर येत नाही, तिसऱ्या-चौथ्या भेटीत येतं. "तसे ते माझे कुणी नव्हते हो. त्यांच्या घरच्यांनी रडावं, मी का?"

म्हणून एका माणसाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय. ते स्वतःच म्हणाले, "लिहा मॅडम, अजून कुणीतरी असाच बसला असेल." त्यांचं नाव नको, आपण त्यांना रेडिओवाले म्हणू, कारण पलटणीत त्यांचं काम तेच होतं. पाठीवर सेट घेऊन कायम साहेबांच्या दोन पावलं मागे. साहेब थांबले की हे थांबणार, साहेब झोपले की हे शेजारी झोपणार. त्यांच्या बायकोच्याच शब्दांत सांगायचं तर "लग्न माझ्याशी झालं पण संसार यांनी साहेबांबरोबर केला."

त्यांना माझ्याकडे आणणारीही तीच. म्हणाली वर्षभर माणूस ठीक असतो, नोकरी करतो, मुलांचा अभ्यास घेतो, पण तो दिवस जवळ आला की महिनाभर आधीपासून झोप जाते, बोलणं बंद, रात्री उठून दाराची कडी तपासतात. आणि या वर्षी स्मृतिदिनाला चार शब्द बोलायला यांनाच सांगितलंय, तेव्हापासून जेवणही धड नाही.

ते सरळ ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, दार दिसेल अशी खुर्ची स्वतःच सरकवून घेतलेली. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून दिला. आठ वेळा लिहून फाडलेल्या भाषणाचा हा नववा कागद. त्यात होतं, साहेब शूर होते, निडर होते, आदर्श नेतृत्व होते, त्यांच्या बलिदानाला शतशः प्रणाम.

मी विचारलं, "शूर होते म्हणजे काय करायचे?"

"शूर होते म्हणजे... शूर होते मॅडम."

"हा कागद दुसऱ्या कुठल्या साहेबांच्या फोटोखाली ठेवला तरी चालेल असं मला वाटतंय. तुमचे साहेब यात कुठे आहेत?"

त्यांना राग आला, आणि मला बरं वाटलं, कारण रागात माणूस खरं बोलतो. बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "साहेब पाय बघायचे."

"कुणाचे?"

"आमचे. सगळ्यांचे."

मग हळूहळू सांगायला लागले. लांबची चाल झाली की मुक्कामाला पहिलं काम म्हणजे बूट काढा, मोजे काढा. साहेब उकिडवे बसायचे, टॉर्च दातात धरायचे आणि एकेकाच्या पायाची बोटं स्वतःच्या हाताने फाकवून बघायचे, कुठे फोड, कुठे भेग, कुठे ओल राहिलीये. ज्याचे मोजे ओले त्याला आपल्या पिशवीतली कोरडी जोडी. त्यांच्या पिशवीत स्वतःच्या गरजेपेक्षा मोजेच जास्त असायचे. आणि सगळ्यांचं झालं की शेवटी आपले बूट काढून रेडिओवाल्यांकडे टॉर्च द्यायचे आणि म्हणायचे, "आता तू माझे बघ."

हे सांगताना त्यांचे गुडघ्यांवरचे हात पहिल्यांदा हलले, हवेत बोटं फाकवल्यासारखे.

मी नंतर मुद्दाम वाचलं. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलपाण्यात दिवसच्या दिवस उभं राहून सैनिकांचे पाय सडायचे, बोटं कापावी लागायची, आणि त्यावर उपाय म्हणून ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्यांनी शिपायांच्या पायांची नियमित तपासणी करायची असा दंडकच घातला गेला. म्हणजे साहेब काही जगावेगळं करत नव्हते, नियमातलंच करत होते. पण "आता तू माझे बघ" हे कुठल्या नियमात नाही. माणसं त्यांच्या मागे का जायची ते मला त्या एका वाक्यात कळलं, भाषणातल्या एकाही विशेषणात कळलं नव्हतं.

इथे थोडं थांबून तो हक्काचा प्रश्न घेते. "माझे कुणी नव्हते" असं जे म्हणतात त्यांना माझं सांगणं आहे की ज्याने तुमच्या पायाची बोटं फाकवून बघितली आणि ज्याच्या पायाची तुम्ही बघितली तो तुमचा कुणी नव्हता हे ठरवायचा अधिकार कुठल्या वंशावळीला नाही. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये यावर नीट मांडणी केली, की समाज काही दुःखांना मान्यताच देत नाही, मग त्या माणसाला सांत्वन नाही, सुट्टी नाही, कुणी विचारपूस करायला येत नाही, आणि तोही मनातल्या मनात आपलं दुःख लपवायला लागतो. सैनिकांच्या बाबतीत तर त्यांना रडायला वेळही मिळालेला नसतो, कारण साहेब पडले त्या क्षणी काम संपत नाही, उलट तिथून सुरू होतं. आधी जखमींना काढायचं, मोजणी करायची, सेट चालू ठेवायचा. दुःख "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवलेलं असतं आणि ते नंतर कधी येतच नाही.

आता मुख्य गाठ. त्या दिवशी काय झालं ते त्यांनी पाचव्या भेटीत सांगितलं, एका दमात, खालमानेने. टेकडीवरून तुकडी नाल्यात उतरत होती, उतरता उतरता रेडिओ तुटायला लागला, हे म्हणाले "साहेब, खाली सिग्नल मिळत नाहीये." साहेब म्हणाले, "मग तू वरच थांब, सेट चालू ठेव." बास. साहेब उतरले, हे वर राहिले. वीसेक मिनिटांत खाली गोळीबार झाला. साहेब गेले, चार जण जखमी झाले, ते वाचले. दोन पावलं मागे चालायचा ज्याचा नेम तो माणूस त्या दिवशी नेमका दोनशे पावलं मागे होता.

"मी बोललो नसतो तर मी त्यांच्याजवळ असतो मॅडम. मी तक्रार केली म्हणून मागे राहिलो."

मी विवेकनिष्ठ पद्धतीत तयार झालेली समुपदेशक आहे, विचार तपासायचा, त्याला पुरावा मागायचा, अवास्तव असेल तर बदलायचा, यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. तर मी तेच केलं. सिग्नल खरंच नव्हता ना? नव्हता. वर थांबायचा निर्णय कुणाचा? साहेबांचा. तुम्ही बरोबर असता तर ते वाचले असते याला पुरावा काय? काहीच नाही. सगळी उत्तरं बरोबर, एकदम ताठ बसून दिलेली, आणि चेहरा जसाच्या तसा. हे सगळं त्यांना डोक्याने केव्हाच पाठ होतं, बायकोने शंभरदा सांगितलेलं, मित्रांनी सांगितलेलं. मी शंभर-एकावी. त्या रात्री मी वहीत लिहिलं होतं, "उत्तर बरोबर आहे पण विचारणारी मी चुकीची आहे." तेव्हा मलाच त्याचा पूर्ण अर्थ कळला नव्हता.

तो कळला सातव्या भेटीत आणि तोही गप्पांच्या ओघात. मी सहज विचारलं की साहेब चिडायचे कधी? तर म्हणाले, "डीब्रीफला कुणी गप्प बसलं की." आणि त्या डीब्रीफचं वर्णन केलं. गस्त संपली की पाय तपासून झाल्यावर सगळे गोल बसणार. काय ठरलं होतं, काय घडलं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. सगळ्यात धाकटा आधी बोलणार आणि साहेब सगळ्यात शेवटी, कारण मोठा आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. आणि एक पक्का नियम, तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढंच धरून बोलायचं. नंतर जे कळलं ते धरून कुणी कुणाला, स्वतःलासुद्धा, चूक म्हणायचं नाही.

मी ऐकतच राहिले. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकदा शेवट कळला की माणसाला वाटायला लागतं हे तर आधीच दिसत होतं, आणि तो हे अगदी मनापासून मानतो. अपराधी भावनेचं निम्मं इंधन इथून येतं. जे मी पुस्तकात शिकले ते हा माणूस चिखलात बसून आपल्या पोरांना शिकवत होता!

मग मी विचारलं, "त्या दिवसाचा डीब्रीफ कुणी घेतला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. पंखा चालू होता, त्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मी काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने जीभ दाताखाली धरून बसायला शिकलं पाहिजे. मग म्हणाले, "चौकशी झाली. जबाब दिला, सही केली." परत शांतता. "डीब्रीफ नाही झाला मॅडम. घेणारेच गेले ना."

"घेऊया का?"

"मी कोण घेणार? तो साहेबांचा असतो."

पण पुढच्या आठवड्यात दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आल्याआल्या खुर्च्या मोजायला लागले. माझ्याकडे चारच होत्या, बाहेरून दोन आणल्या. गोल मांडल्या. सगळ्यात धाकट्याच्या खुर्चीत स्वतः बसले, त्या पोराच्या वयाचे होऊन. त्याचं नाव सांगितलं, ते इथे लिहीत नाही, आणि "मी" म्हणून बोलायला लागले. मी तिसरा होतो. मांडीला लागली. पडलो. दगडाला टेकलो. रक्त थांबत नव्हतं, पट्टा काढून बांधला. साहेब दिसत होते पण हलत नव्हते. मला वाटलं आता संपलं. मग वरून आवाज येत होता, आपला नंबर, आपली जागा, परत आपला नंबर, आपली जागा...

आणि थांबले.

"तो आवाज मीच होतो."

मी म्हटलं, "धाकट्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या." त्यांनी मान हलवली. "वरून मेसेज गेला म्हणून मदत आली. खालून गेला नसता. खाली सिग्नल नव्हता." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा अगदी हळू, जणू कुणीतरी त्यांना सांगतंय आणि ते ऐकतायत.

एकेका खुर्चीवरून झालं. स्वतःच्या खुर्चीवर बसल्यावर फार काही बोलले नाहीत. शेवटची खुर्ची साहेबांची. तिच्यावर ते बसले नाहीत, बसायला सांगायची माझी हिंमतही झाली नाही. मागे उभे राहिले, पाठीवर हात ठेवून. मी विचारलं, "साहेब काय विचारतील?"

"विचारतील, तुला काय सांगितलं होतं?"

"मग?"

"वर थांब, सेट चालू ठेव."

"मग?"

"चालू ठेवला साहेब."

यातलं "साहेब" मला उद्देशून नव्हतं. त्यानंतर जवळजवळ अर्धा तास ते रडले, उभ्याउभ्याच, ती खुर्ची धरून. मी पाणीही पुढे केलं नाही. इतक्या वर्षांचं "नंतर बघू" त्या अर्ध्या तासात आलं.

या कामात मला इतकी वर्षं झाली, आणि मला अभिमानाने सांगावंसं वाटतं की त्या दिवशी मी काहीही न शिकवता गप्प बसू शकले. त्यांचा दोष नव्हता हे मी सांगून उपयोग नव्हता, बायकोने सांगून नव्हता. ते सांगायचा अधिकार त्यांनी एकाच माणसाला दिला होता आणि तो माणूस हयात नव्हता. पण त्याची पद्धत हयात होती, यांच्या आत, कोरडी आणि शाबूत, त्या मोज्यांच्या जोडीसारखी. मी फक्त पिशवी उघडायला सांगितलं. विवेक लागतोच, पण आधी ज्याच्यासमोर साक्ष द्यायची राहिलीये त्याच्यासमोर ती व्हावी लागते.

आता विसरण्याबद्दल. आपल्याकडे, आणि खरं तर सगळीकडेच, असं मानलं जातं की दुःखाच्या ठराविक पायऱ्या असतात, त्या चढून गेलं की माणूस मोकळा. त्या पाच पायऱ्या मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने १९१७ मध्ये लिहिलं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्यापासून मन हळूहळू सोडवून घेणं. पण १९२९ मध्ये, आपली गेलेली मुलगी असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्याच फ्रॉइडने एका मित्राला पत्र लिहिलं आणि त्यात कबूल केलं की शोकाची धार कमी होते पण ती जागा भरत नाही, आणि ते तसंच असायला हवं कारण प्रेम टिकवायचा तोच एक मार्ग आहे. मुलगी जाऊन नऊ वर्षं झाली होती. मला स्वतःला हे पत्र त्याच्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा मोठं वाटतं. पुढे १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी तर स्पष्टच मांडलं की गेलेल्याशी नातं चालू राहणं हा आजार नाही. मी त्या बाजूची आहे.

त्यामुळे घरच्यांना माझी हात जोडून विनंती आहे, "आता पुढे बघ, किती दिवस तेच ते" असं म्हणू नका. त्याऐवजी विचारा, ते हसायचे कसे, कशावर चिडायचे, शिवी कुठली द्यायचे. जवळच्या माणसाने त्या साहेबांना फक्त शेवटच्या दिवसात कोंडून ठेवलेलं असतं, एक नाला, एक गोळीबार, बास, आणि बाकीची सगळी वर्षं त्या एका दिवसाखाली गाडली जातात. तुमच्या प्रश्नाने ती वर्षं बाहेर येतात. स्मृतिदिनाच्या आधी महिनाभर माणूस गप्प होत असेल तर त्या महिन्यात त्याला एकटं सोडू नका पण खोदूही नका, सोबत चाला, काम द्या, त्या दिवशी कुठे जायचं काय करायचं हे आधी ठरवून ठेवा. आणि दारू हातात यायला लागली असेल तर ती आठवण नसते, आठवण दाबायची धडपड असते, तिथे वेळ न घालवता मदत घ्या.

बोलायला उभं राहणाऱ्यांना एवढंच सांगेन की विशेषणं बाकीचे वक्ते म्हणतील, तुम्ही फक्त एक गोष्ट सांगा जी तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. आणि ते देव होते असं दाखवायची गरज नाही. चुकणारा, चिडणारा, तरीही शेवटी स्वतःचे पाय दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस माणसांच्या जास्त जवळ राहतो. महायुद्धांनंतर ब्रिटन आणि राष्ट्रकुल देशांच्या युद्ध-दफनभूमींमध्ये तत्त्वच ठेवलं गेलं की अधिकारी असो की शिपाई, दगड सारख्याच मापाचा. साहेबांना त्यांच्या माणसांच्या ओळीतच राहू द्यावं, मला ते फार योग्य वाटतं.

आजार कधी म्हणायचं? आठवण येते, डोळे भरतात, त्या तारखेला झोप लागत नाही, हे आजारात मोडत नाही, वीस वर्षांनी झालं तरी. पण वर्ष उलटून गेलं तरी जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ, काम-नाती ठप्प, जगण्यात अर्थच नाही असं वाटणं हे चालू असेल तर मदत घ्यायला हवी, अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये हा प्रकार वेगळा नोंदवताना प्रौढांसाठी किमान बारा महिने धरलेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा. आणि "त्यांच्याकडे जावंसं वाटतं" असं कुणी म्हणालं तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, एकटं ठेवू नका. रेडिओवाल्यांनाही झोपेसाठी काही काळ औषध लागलं, मीच पाठवलं होतं मनोविकारतज्ज्ञांकडे, त्यात कमीपणा काही नाही.

ते अजून तीन-चार वेळा आले. आजही त्या महिन्यात त्यांची झोप कमी होते, कडी अजून तपासतात, पण एकदाच. स्मृतिदिनानंतर त्यांचा फोन आला.

"बोललो मॅडम. पायांचं सांगितलं."

साहेब गेले तेव्हा त्यांची मुलगी तीन वर्षांची होती. तिच्याकडे वडिलांचं पदक होतं, फोटो होते, आणि मोठमोठे शब्द होते. आईवडील गमावलेल्या मुलांवर सिल्व्हरमन यांनी जे काम केलंय त्यात हेच येतं, की मूल गेलेल्या आईवडिलांची ओळख इतरांच्या सांगण्यातून आयुष्यभर घडवत राहतं. रेडिओवाल्यांना इतकी वर्षं वाटत होतं की आपल्यापाशी ओझं आहे, आणि खरं तर त्यांच्यापाशी त्या पोरीची ठेव होती.

कार्यक्रम संपल्यावर ती त्यांच्याजवळ आली. विचारलं, "काका, तुम्ही बाबांचे पाय बघायचात?"

"हो."

"कसे होते?"

ते म्हणाले, डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, तिथेच कायम फोड यायचा, मी तिथे कापूस लावायचो.

ती काही बोलली नाही. खाली वाकली, डाव्या पायातली चप्पल काढली आणि पाय पुढे केला.